‘आवाज तोच, पण गाणं ते नव्हे’: नॅट किंग कोलची प्रेमगीतं नव्या आवृत्तीत ऐकताना

प्रश्न असा आलाय. वडील मर्चंट नेव्हीत होते, आता वय ७८. तरुणपणापासून नॅट किंग कोल या अमेरिकन गायकाच्या संथ प्रेमगीतांचे वेडे. मुंबईत घेतलेल्या त्यांच्या दोन एलपी माळ्यावर राहून बुरशीने खराब झाल्या, म्हणून मुलाने वाढदिवसाला दोन नव्या आवृत्त्या आणल्या: एक ‘लव्ह इज द थिंग’ हा आल्बम आणि दुसरा निवडक गाण्यांचा संग्रह. नवा प्लेअरही घेतला. बाबांनी ‘मोना लिसा’ अर्धं ऐकलं आणि म्हणाले, “आवाज तोच, पण गाणं ते नव्हे.” मुलाला वाटतंय की प्लेअर स्वस्तातला आहे, किंवा बाबांचे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. आता नेमकं काय घ्यावं?

जुन्या तबकड्या आणि टेपा साफ करून डिजिटल करायचं काम मी सव्वीस वर्षं करतोय, आणि कोल माझ्या जवळचा आहे. त्यामुळे उत्तर लांबणार. पण मुख्य गोष्ट आधी सांगून टाकतो. तुमचे बाबा बहुधा शंभर टक्के बरोबर आहेत. त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं गाणं त्या संग्रहात नसण्याचीच शक्यता जास्त.

‘मोना लिसा’ कोलने मुळात १९५० मध्ये गायलं. गाणं जे लिव्हिंग्स्टन आणि रे एव्हान्स यांचं. वाद्यरचना नेल्सन रिडलची, लेबलवर नाव मात्र लेस बॅक्स्टरचं. त्या वेळी सगळं मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नाही, सगळा आवाज एकत्र. पुढे १९५८ च्या सुमारास स्टिरिओ एलपी बाजारात आल्या आणि कंपन्यांना आपला जुना मोनो खजिना शिळा वाटू लागला. म्हणून १९६१ मध्ये कॅपिटॉल या त्याच्या रेकॉर्ड कंपनीने कोलकडून त्याची गाजलेली बहुतेक गाणी स्टिरिओत पुन्हा गाऊन घेतली आणि ‘द नॅट किंग कोल स्टोरी’ हा तीन तबकड्यांचा संच काढला. तेव्हापासून जगभरच्या संग्रहांमध्ये ही दोन्ही रूपं सरमिसळ होऊन फिरतायत. कव्हरवर ‘मोना लिसा’ एवढंच छापलेलं असतं. आत १९५० चं आहे की १९६१ चं, हे बऱ्याचदा कुठेच सांगितलेलं नसतं.

दोन्हींतला फरक ऐकायला यायला तालीम लागत नाही. १९५० चा कोल एकतीस वर्षांचा आहे. आवाज हलका, थोडा पुढे झुकलेला, शब्द पटकन सुटतात. १९६१ चा कोल बेचाळिशीतला. मधल्या काळात हजारो सिगारेटी ओढून झालेल्या. आवाज खाली उतरलाय, दाट झालाय, ओळीच्या शेवटाला किंचित घोगरेपणा येतो. मला स्वतःला हा नंतरचा आवाज फार आवडतो. पण ज्याने पहिलं गाणं जहाजावरच्या केबिनमध्ये महिनोन् महिने ऐकलंय, त्याला दुसरं परकंच वाटणार. आपल्याकडे एखाद्या गायकाने उतारवयात आपलं जुनं भावगीत नव्या वाद्यमेळात पुन्हा गायलं की घरातली मोठी माणसं पहिल्याच ओळीला “हे नाही ते” म्हणतात ना, तसंच हे आहे.

ओळखायची सोपी खूण सांगतो. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. वाद्यं डावीकडे-उजवीकडे वेगवेगळी पसरलेली ऐकू आली आणि आवाज मधोमध स्थिर उभा असला, तर ते १९६१ चं. सगळं एकाच जागेहून येत असलं तर १९५० चं असण्याची शक्यता बरीच.

‘बरीच’ म्हणतोय, कारण मध्ये तिसरा एक प्रकार आहे, आणि त्याने फार घोळ घातलाय. १९६१ मध्येच कॅपिटॉलने जुन्या मोनो गाण्यांना खोटा स्टिरिओ बनवायची एक पद्धत आणली. नाव ड्युओफोनिक. एकाच मोनो ध्वनिमुद्रणाच्या दोन नकला करायच्या, एकीतला खर्ज कापायचा, दुसरीतला वरचा भाग कापायचा, दोघींमध्ये क्षणाच्या अगदी छोट्या अंशाचं अंतर ठेवायचं आणि एक डावीकडे, एक उजवीकडे सोडायची. अशी तबकडी हेडफोनवर ऐकली की माणूस एका कानात तळघरातून आणि दुसऱ्या कानात पत्र्याच्या डब्यातून गातोय असं वाटतं. अँप्लिफायरचं मोनो बटण दाबूनही ती सुधारत नाही. ते अंतर राहतंच आणि आवाज पोकळ होतो. जुन्या बाजारात कव्हरवर ड्युओफोनिक असा शब्द दिसला तर, निदान गाणं ऐकण्यासाठी, ती घेऊ नका.

आता ‘लव्ह इज द थिंग’कडे येतो. त्याबद्दल बाबांनी तक्रार केलेली नाही असं तुम्ही लिहिलंय, पण “कोरडं वाटलं” असं ते म्हणाले. हा ‘कोरडं’ शब्द मला महत्त्वाचा वाटतो.

हा आल्बम १९५७ चा. ध्वनिमुद्रण १९५६ च्या डिसेंबरात. वाद्यरचना गॉर्डन जेंकिन्सची. जेंकिन्सची व्हायोलिनं हुंदका आवरून धरल्यासारखी वाजतात. काहींना तो गोडवा जास्त होतो, मला होत नाही. त्याच वर्षी जेंकिन्सने फ्रँक सिनात्रा या गायकासाठी ‘व्हेअर आर यू?’ केला, तोही असाच संथ आणि उदास. कोल मुळात अव्वल दर्जाचा जॅझ पियानोवादक. १९३० च्या दशकाअखेरीपासून पियानो, गिटार आणि बास एवढ्यावर त्याच्या त्रयीने नाव कमावलं होतं. या आल्बममध्ये मात्र तो नुसता माइकसमोर उभा आहे. हातात काही नाही, तालाचा आधार नावापुरता, समोर तंतुवाद्यांचा मोठा ताफा. ज्याने पियानोवर बोटं ठेवून गायला सुरुवात केली, तो असा रिकाम्या हातांनी उभा राहतो तेव्हा सगळा भार शब्दांवर आणि श्वासावर येतो.

ते दिवसही आठवून बघा. एप्रिल १९५६ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये गाणं चालू असताना वर्णद्वेष्टे मंचावर चढले आणि त्यांनी कोलला खाली पाडलं. तो जन्मला त्याच अलाबामात, मॉन्टगोमेरीला. नोव्हेंबरात एनबीसीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला, पण कृष्णवर्णीय सूत्रधाराच्या कार्यक्रमाला राष्ट्रीय पातळीवरचा प्रायोजक काही मिळेना. १९५७ च्या अखेरीस कार्यक्रम बंद पडला. तो हल्ला आणि कार्यक्रम बंद पडणं, यांच्या मधल्या १९५६ च्या डिसेंबरात त्याने ही प्रेमगीतं गायली, आणि आल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. गाण्यांत यातलं काही ऐकू येत नाही. मला मात्र दर वेळी ते आठवतं, आणि त्या आवाजातला संयम वेगळाच जाणवतो.

‘क्रूनर’ हा शब्द आपल्याकडे जुन्या मुंबईच्या हॉटेलांत बँडपुढे उभं राहून गाणाऱ्या गायकासाठी चालायचा. त्याचा खरा अर्थ मायक्रोफोनशी जोडलेला आहे. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रण कर्ण्यातून व्हायचं. गायकाला कर्ण्यात अक्षरशः ओरडावं लागे. विजेचा माइक आला आणि कानाशी बोलावं तसं गाणं शक्य झालं. बिंग क्रॉस्बी आणि त्याच्या पिढीने ते करून दाखवलं. आपल्या भावगीताचा पिंडही माइकमुळेच घडला. तलत महमूद किंवा अरुण दाते ज्यांनी मनापासून ऐकलेत, त्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही. या गायकांचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला बनलेलाच नाही, तो वीतभर अंतरावरच्या माइकसाठी बनलाय. इतक्या जवळून गायलं की खालचे स्वर आपोआप दाट होतात, ओठ उघडल्याचा आवाज येतो, ओळीआधीचा श्वास येतो. कोलचे शब्दांचे शेवट तर ऐकण्यासारखे असतात. अंत्य व्यंजन तो तोडत नाही, हलकेच खाली ठेवतो.

त्या आवाजाभोवती जागा असते. हॉलिवूडमधली कॅपिटॉलची गोल इमारत १९५६ सालीच उघडली आणि तिच्या खाली, जमिनीत, काँक्रीटच्या बंद खोल्या बांधलेल्या आहेत. खोलीत एका बाजूला स्पीकर, दुसऱ्या बाजूला माइक. गायकाचा आवाज वरून खाली पाठवायचा, तो त्या भिंतींवर घुमू द्यायचा आणि तो घुमारा परत वर आणून गाण्यात मिसळायचा. या काळातल्या कोलच्या आवाजामागे जी मऊ सावली आहे ती तिथून आलेली आहे. ओळ संपल्यावर ती सावली सावकाश विरते, आणि विरता विरता टेपच्या बारीक सळसळीत मिसळून जाते.

नव्या आवृत्तीचं बरंवाईट नेमकं इथे ठरतं. टेपची सळसळ काढायला सॉफ्टवेअर लावलं की ते सळसळ आणि घुमाऱ्याची शेपटी यांत नीट फरक करू शकत नाही. विरत जाणारी शेपटी सळसळीइतकीच बारीक होते. सळसळ जाते, तिच्याबरोबर सावलीही जाते. श्वास अर्धा कापला जातो. ओळीच्या शेवटी जिथे स्वर विरायचा, तिथे दार लोटल्यासारखी शांतता येते. तुमचे बाबा याला ‘कोरडं’ म्हणाले असतील तर त्यांचे कान उत्तम आहेत.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई आपल्या आजीच्या ओव्यांची कॅसेट घेऊन आल्या होत्या. खरखर फार होती. नवं सॉफ्टवेअर आलेलं, मी सगळं लख्ख करून दिलं. त्या माझ्यासमोर हेडफोन लावून बसल्या, डोळे मिटून ऐकलं, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “यात आजी श्वासच घेत नाहीये.” मी मूळ प्रत पुन्हा काढली, फक्त मोठे तडतडाट हाताने एकेक करून काढले, बाकी सगळं तसंच ठेवलं. त्या दिवसापासून कुठल्याही तबकडीच्या नव्या आवृत्तीचं कौतुक करण्याआधी मी गायकाचा श्वास शोधतो.

तुम्हीही शोधा. ‘लव्ह इज द थिंग’मधलं ‘स्टारडस्ट’ लावा. बरेच गायक या गाण्याचा आरंभीचा मुक्त भाग गाळून थेट मुखड्यावर येतात. कोल तो पूर्ण गातो. तिथे ताल जवळजवळ नाहीच, म्हणून दोन ओळींमधल्या मोकळ्या जागा मोठ्या आहेत. आवाज वाढवू नका, रात्री घरातली माणसं झोपल्यावर लावाल तेवढाच ठेवा. ओळ संपली की मोजा: त्याचा स्वर थांबल्यावर त्याची सावली किती वेळ राहते? पुढच्या ओळीआधी त्याने श्वास घेतलेला कळतो का? सावली आहे, श्वास आहे, मागे हलकी सळसळ आहे, तर आवृत्ती चांगली. सळसळ अजिबातच नाही तर मला शंका येते. आणि ‘स’, ‘श’ सारखे उच्चार सुईसारखे टोचत असतील, तर चकचकीतपणासाठी वरचा भाग कुणीतरी फुगवलाय.

दोन आवृत्त्या शेजारी ठेवून तोलायच्या असतील तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. नंतरच्या काळातल्या कित्येक आवृत्त्या नुसत्या मोठ्या केलेल्या असतात. हळू जागा वर उचलल्या, मोठ्या जागा दाबल्या, सगळं एका पातळीवर. पहिल्या मिनिटाला तीच भारी वाटते. तिसऱ्या गाण्याला कान थकतात. प्रेमगीतांच्या आल्बमला हा उपचार सर्वांत वाईट, कारण कोलच्या गाण्यात कुजबूज आणि उघडा स्वर यांतलं अंतर हाच सगळा ऐवज असतो.

मग घ्यायचं काय? अ‍ॅनलॉग प्रॉडक्शन्स या अमेरिकन कंपनीने २०१० च्या सुमारास कोलच्या कॅपिटॉल आल्बमांची एक मालिका काढली. मास्टरिंग, म्हणजे टेपवरून तबकडी बनवण्याआधीची शेवटची ध्वनी-जुळणी, स्टीव्ह हॉफमन आणि केव्हिन ग्रे यांची. ‘लव्ह इज द थिंग’, जेंकिन्सबरोबरचाच १९५८ चा ‘द व्हेरी थॉट ऑफ यू’ आणि १९६३ चा ‘व्हेअर डिड एव्हरीवन गो?’ हे तिन्ही तीत आहेत. एलपी मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाच्या (नेहमीच्या ३३ च्या), एका आल्बमच्या दोन तबकड्या. वेग जास्त असल्याने खाचेत तेवढंच गाणं अधिक लांबीवर पसरतं, आणि तबकडीच्या मध्याजवळ आवाज फाटतो तो त्रास कमी होतो. तीन-चार गाण्यांनंतर उठून बाजू बदलावी लागते, ते बाबांना जमेल का ते बघा. याच मालिकेच्या एसएसीडीही (जास्त तपशिलाच्या सीडी) आल्या आणि काहींवर मूळ टेपच्या तीन वेगवेगळ्या पट्ट्यांचं मिश्रण आहे. त्यावर मला हात आखडता घेतलेला दिसला. सळसळ ठेवलीय, सावली ठेवलीय. महाग आहेत, सगळ्या आता सहज मिळतीलच असंही नाही. नाही मिळाल्या तर एखादी जुनी, साधी सीडी, जिच्यावर ‘नव्याने सुधारित’ वगैरे काही लिहिलेलं नाही, ती आधी ऐकून बघा. तबकडीच हवी असा हट्ट मी धरणार नाही, जरी माझं पोट तबकड्यांवर चालतं.

‘मोना लिसा’साठी मात्र १९५० चं मूळ मोनो ध्वनिमुद्रण असलेलाच संग्रह शोधा. मागच्या बाजूला ध्वनिमुद्रणाची वर्षं छापलेली नसतील तर तो संग्रह घेऊच नका. ‘अनफर्गेटेबल’ आणि ‘टू यंग’ ही दोन्ही १९५१ ची, त्यांनाही हाच नियम.

प्लेअरबद्दल: स्वस्तातला असला म्हणून लगेच बदलू नका. सुईचं वजन कंपनीने सांगितलंय तेवढं आहे का, तेवढं एकदा सुईचा भार मोजायच्या साध्या काट्यावर तपासा. हलकं वजन तबकडीला सुखाचं, हा गैरसमज आहे. वजन कमी पडलं की सुई खाचेत उड्या मारते आणि त्यानेच खाच जास्त खराब होते. मोनो तबकडी लावताना अँप्लिफायरवर मोनो बटण असेल तर दाबा. मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीत असते ती धूळ आणि खरखर, आणि ती बटणाने बरीचशी गळून पडते. लोकांना हा फरक ऐकवला की चेहरे बघण्यासारखे होतात.

बाबांच्या कानांबद्दल तुम्ही विचारलंत, तर त्यात थोडं तथ्य आहे, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. वयानुसार वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, म्हणजे व्यंजनं पुसट होतात. कोलच्या बाबतीत हे नुकसान मोठं. त्यांना दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, नेहमीपेक्षा जवळ बसवा आणि ट्रेबल थोडा वाढवा, तुम्हाला किंचित जास्त वाटेल एवढा. श्रवणयंत्र वापरत असतील तर एक गोष्ट नक्की करा: ज्यांनी ते बसवून दिलं त्यांच्याकडून संगीतासाठीचा वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्या. शिट्टी वाजू नये म्हणून यंत्रात जी सोय असते, ती व्हायोलिनच्या लांब स्वराला शिट्टी समजते आणि तो स्वर थरथरायला लागतो. जेंकिन्सची व्हायोलिनं आणि ही सोय यांचं अजिबात जमत नाही. माझ्याकडे असे दोन वृद्ध रसिक आले होते, दोघांनी आधी प्लेअर बदलले होते.

शेवटचं, आणि मला वाटतं सर्वांत आधी करायचं: माळ्यावरच्या त्या दोन एलपी टाकू नका. मुंबईच्या पावसाळ्यात धरलेली बुरशी बहुतेक वेळा वरवरची असते. व्हिनाइल तबकडी असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, नळाचं नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. पाव लिटर पाण्यात बिनवासाच्या भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. लेबल कोरडं ठेवा, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवत धुवा, कधीही आडवं घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुऊन सावलीत उभी वाळवा. आतलं जुनं कागदी पाकीट फेकून द्या, बुरशी खरी तिथे राहते. माळ्यावर जड, ठिसूळ ७८ च्या वेगाची जुनी तबकडीही निघाली तर तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, ती लाखेच्या मिश्रणाची असते, विरघळते.

त्या एलपी मुंबईत घेतलेल्या, म्हणजे कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या असाव्यात. ईएमआय या ब्रिटिश कंपनीने १९५५ मध्ये कॅपिटॉल विकत घेतली, त्यामुळे तिचा माल ईएमआयच्या भारतातल्या ग्रामोफोन कंपनीकडून इथे निघायचा. परदेशात तबकड्या दाबण्यासाठी मूळ टेप सहसा जात नसे. तिची नक्कल नाहीतर धातूचे साचे जात. म्हणून या तबकड्यांचा आवाज अमेरिकन प्रतीपेक्षा थोडा मऊ, थोडा झाकलेला असतो. बाबांच्या कानात पन्नास वर्षं बसलाय तो हा झाकलेला आवाज. धुतल्यावर ‘मोना लिसा’ असलेली तबकडी उजेडात तिरपी धरा. शेवटच्या गाण्यानंतर आणि लेबलच्या आधी जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यात काही अक्षरं आणि आकडे कोरलेले दिसतील. ते जसेच्या तसे उतरवून पाठवा, दोन्ही बाजूंचे. त्यावरून तुमच्या बाबांकडे १९५० चं गाणं होतं की १९६१ चं, ते शोधायला लागतो.